एफ ६४.० : हे लेकरू कुठल्या प्रकरणात बसतं?

नोंदवही | १४ जुलै २०२४, रात्री १०:४०

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मिरजेत एका रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड खात्यात मी एकोणीस वर्षं आहे. पेशंट घरी गेला की त्याची फाइल आमच्या टेबलावर येते. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानापुढं आम्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला कोड टाकायचा. आयसीडी म्हणतात त्या यादीला. उसात साप चावलेला माणूस आला की टी ६३.०. सरळ बाळंतपण असेल तर ओ ८०. मला झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन.

आमचं माहेर विट्याकडचं. भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, तीस वर्षं दक्षिणेत दुकान आहे. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, "ताई, तुझ्या कोडाच्या पुस्तकात बघ. एफ चौसष्ट पॉइंट शून्य म्हणजे काय?"

बघायची गरज नव्हती. एफ म्हणजे पाचवं प्रकरण, मानसिक आणि वर्तनाचे विकार. एफ १० दारू, एफ २० स्किझोफ्रेनिया, एफ ३२ नैराश्य, आणि त्याच रांगेत पुढं एफ ६४, लिंगओळखीचे विकार. केसपेपर त्याच्या धाकट्याचा होता. लेकरू एकवीस वर्षांचं, पुण्यात शिकतं. मुलगा म्हणून जन्मलं, आता सांगतं की मी मुलगी आहे. लपवालपवी केली नाही, स्वतःच बापाच्या हातात कागद दिला.

भाऊ म्हणाला, "म्हणजे डोक्याचं आहे?"

मी म्हटलं, "हो. म्हणजे नाही." त्यानं फोन ठेवला.

‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही का म्हटलं ते सांगते. आमच्या कॉम्प्युटरवर अजून आयसीडीची दहावी आवृत्ती चालते. अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात ही नोंद मानसिक विकारांतून उचलून सतराव्या प्रकरणात नेली, लैंगिक आरोग्याच्या. कोड एचए ६०, नाव लिंगभाव विसंगती. ‘विकार’ शब्द गेला. म्हणजे एकाच दिवशी एकच लेकरू एका पुस्तकात मनोरुग्ण आणि दुसऱ्यात नाही.

हे हलवाहलवीचं काम खरंच काही समजून केलंय की नुसता शिष्टाचार? आजार नसेल तर पुस्तकात ठेवलंच कशाला? भावाला उत्तर द्यायचंय. सल्ले नकोत, माहिती हवी.

भडंग | रात्री १०:५८

पहिला! कांदा-शेंगदाणे घालून बसतोय.

मायणी_फास्ट | रात्री ११:१५

अमेरिकेची थेरं आहेत सगळी. मोबाइल आले आणि हे आलं. आमच्या गावात असलं कधी काही नव्हतं.

जतकर | रात्री ११:३२

@मायणी_फास्ट, तुमच्या गावात नसेल. आमच्या जतेला मार्गशीर्षात यल्लमाची जत्रा भरते, एकदा या. सविस्तर नंतर लिहितो, उद्या पहाटे पाण्याची पाळी आहे.

बापू_सातारा | १५ जुलै, सकाळी ७:०५

ताई, धागा संयमानं काढलात, म्हणून लिहितो. माझं मत तुम्हाला रुचेलच असं नाही.

पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. शब्द बदलला म्हणून वस्तू बदलत नाही, हे वर्गात हजारदा सांगितलं. मी थोडं वाचलं आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांचं जे पुस्तक आहे, डीएसएम, त्यात १९८० साली एक नाव, १९९४ साली दुसरं, २०१३ साली तिसरं. आता आयसीडीनं चौथं दिलं. दर पंधरा-वीस वर्षांनी बारसं करायचं आणि त्याला शास्त्र म्हणायचं? समलैंगिकतेचंही तसंच झालं. डिसेंबर १९७३ मध्ये त्याच तज्ज्ञांच्या संघटनेच्या मंडळानं आजार नाही असं ठरवलं, पुढच्या वर्षी सभासदांचं मतदान झालं आणि ५८ टक्क्यांनी ते कायम ठेवलं. क्षयरोग आहे की नाही हे कधी मतदानानं ठरलंय का? जे मतानं ठरतं ते मत असतं.

त्या मुलाविषयी माझ्या मनात तिटकारा नाही, हेही लिहून ठेवतो.

शिरवळची_आई | सकाळी ९:२०

बापूंशी बरीचशी सहमत. वाचतेय.

डॉ_कऱ्हाड | १५ जुलै, दुपारी २:५०

ओपीडी आटोपून लिहितोय. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, गाव आयडीत आहेच.

बापू, मतदानाचा टोमणा आमच्या शाखेला कायम बसतो. पण मधुमेहाचं बघा. उपाशीपोटी साखर १४० च्या वर गेली तर मधुमेह, असं होतं. १९९७ साली अमेरिकन मधुमेह संघटनेच्या समितीनं ती रेघ १२६ वर आणली. आदल्या दिवशी जो निरोगी होता तो दुसऱ्या दिवशी मधुमेही झाला, रक्त तेच. रेघ कुठं मारली की माणसाचं भलं होतं आणि कुठं मारली की उगाच नुकसान होतं, हे शेवटी माणसंच बसून ठरवतात. क्षयरोगात जंतू दिसतो, तिथं सोपं आहे. रक्तदाब, साखर, मन, इथं रेघा आहेत.

आता नावांचं. ती नुसती बारशी नव्हती. १९९४ च्या नावात ओळखच विकार ठरत होती. २०१३ च्या डीएसएमनं ओळख बाजूला केली आणि ‘डिस्फोरिया’ धरला, म्हणजे शरीर आणि ओळख जुळत नाही यातून होणारी घालमेल. घालमेल नसेल, रोजचं जगणं अडत नसेल, तर निदान नाही. तरी पुस्तक मनोविकारांचंच राहिलं. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीनं आणखी एक पाऊल टाकलं. तिथं घालमेलीची अटही नाही, विसंगती ठळक आणि टिकाऊ हवी इतकंच.

यामागं एक अभ्यास होता, तो मला पटतो. मेक्सिको सिटीतल्या एका दवाखान्यात २५० ट्रान्सजेंडर व्यक्तींना किशोरवयातल्या अनुभवांबद्दल विचारलं, २०१६ साली प्रसिद्ध झाला. विसंगती हाच मनोविकार असेल तर त्रास आणि अडलेलं आयुष्य हे थेट विसंगतीतूनच निघायला हवं ना? पण हिशेब मांडल्यावर त्रासाशी घट्ट जोडलेली दिसली ती घरच्यांची आणि बाहेरच्यांची हेटाळणी आणि मारहाण. माझ्या टेबलासमोर येणाऱ्यांचंही तसंच आहे. नैराश्य घेऊन येतात, झोप नाही, हातावर ब्लेडचे वण. ते एफ ३२ मी लिहितो, त्याची औषधं देतो. ते खरंच मानसिक आहे. मुळाशी असलेली गोष्ट मानसिक नाही.

आजार नाही तर पुस्तकात का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच टेबलावर आहे. ओ ८०.

नोंदवही | दुपारी ३:३०

अगं बाई. बाळंतपण!

एकोणीस वर्षं तो कोड टाकतेय आणि डोक्यात आलं नाही. आजार नाही, पण दवाखाना लागतो, म्हणून कोड आहे.

बापू_सातारा | दुपारी ४:१०

साखरेचा दाखला चांगला आहे. उत्तर सुचेपर्यंत थांबतो.

मायणी_फास्ट | सायंकाळी ६:४५

[प्रतिसाद अप्रकाशित]

संपादक मंडळ | सायंकाळी ७:००

मतभेद चालतील, कुणाला जनावराची उपमा देणं चालणार नाही. धाग्यात उल्लेख आलेल्या कुटुंबाची माहितीही कुणी खोदत बसू नये.

द्राक्षबाग | १५ जुलै, रात्री ११:५०

लिहू की नको करत दोन तास गेले. मी तासगावकडचा. घरची द्राक्षं, थोडा बेदाणा. जन्मलो मुलगी म्हणून. आता वय ३४.

आपल्या भागातल्या लोकांनाच कळेल अशी गोष्ट सांगतो. आमच्या घरात आई, आजी, काकू सगळ्या ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असंच बोलतात. सांगली-कोल्हापूरकडच्या बायका तशाच बोलतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. मीही तेच बोलायचो आणि कुणीही हटकलं नाही. माझ्या तोंडचा ‘आलो’ आणि आईच्या तोंडचा ‘आलो’ वेगळा आहे हे फक्त मला ठाऊक होतं. लहानपणी ती भाषा म्हणजे पांघरूण होतं.

मग पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मुली हसल्या, "आलो काय गं, आले म्हण." चेष्टाच होती, वाईट हेतू नव्हता. पण ‘आले’ म्हणताना घशात काहीतरी अडकायचं. क्रियापदच टाळायला लागलो. कुणी "कधी आलीस?" विचारलं की "मगाशीच" म्हणून मोकळा. डॉक्टर ज्याला घालमेल म्हणतात ती माझ्यासाठी आधी क्रियापदात होती, आरशात नंतर.

घरी सांगितलं तेव्हा आधी देवरुषी झाला. मग एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, लग्न लावून द्या, आपोआप ठीक होईल. वर गोळ्या दिल्या. त्या वर्षीची ऑक्टोबर छाटणी मी झोपेत काढली. बागेत माणसं लावलेली आणि मी बांधावर बसून पेंगतोय.

तीन वर्षांनी दुसऱ्या गावात एक डॉक्टर भेटले. सहा-सात वेळा बोलावलं, ऐकून घेतलं, आणि कागदावर लिहिलं एफ ६४.०. नोंदवहीताई, तुमच्या भावाला ज्या कोडानं धक्का बसला, तो माझ्या हातात आला तेव्हा मी घडी घालून पाकिटात ठेवला. कितीतरी दिवस बरोबर बाळगला. हे मी मनानं रचलेलं नाही, असं पहिल्यांदाच कुणीतरी सही-शिक्क्यानं लिहून दिलं होतं. त्या कागदाशिवाय हार्मोन सुरू झाले नसते.

आता त्याच कागदाची दुसरी बाजू. वडील गेल्यावर वारसनोंदीचा विषय निघाला. चुलतभावाला कुठून तरी कळलेलं. भावकीत बसून म्हणाला, "डोक्याचा दाखला आहे हिचा. वेड्याच्या नावानं सातबारा कसा लागेल?" ज्या कागदानं दार उघडलं, तोच घेऊन लोक दार लावायला आले.

त्यामुळं पुस्तकातलं पान बदललं याचं मला काय वाटतं? ‘एफ’ जावा. पण कागद जाऊ नये.

अवांतर: ताई, तुम्ही सगळीकडे ‘लेकरू’ लिहिलंत. नपुंसकलिंगी शब्द शोधलात. सध्या चालेल. पण एकदा त्या लेकरालाच विचारा.

भडंग | रात्री १२:०५

भडंग खाली ठेवलंय. _/\_

नोंदवही | १६ जुलै, सकाळी ६:३०

द्राक्षबाग, तुमच्या ‘आलो’वरून एक आठवलं. वर्षभरापूर्वी भावाच्या फोनवर लेकरू म्हणालं होतं, "पप्पा, मी रूमवर आले." तेव्हा भाऊ हसून मला म्हणाला, "पुण्यात जाऊन पुणेरी झालंय बघ, आले-गेले करतंय." आमच्यात बायकासुद्धा ‘आले’ म्हणत नाहीत, त्यामुळं त्याला तो नखरा वाटला. लेकरानं तेव्हाच सांगितलं होतं. आम्हाला ऐकू आलं नाही.

मीही घरात ‘आलो’च म्हणते. इथं शुद्ध लिहितेय.

वकील_विश्रामबाग | १६ जुलै, सकाळी ११:००

सातबाऱ्यापुरतं लिहितो, कारण ही भीती घालणारे भाऊबंद जिल्हाभर आहेत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम ३. मानसिक आजार आहे असं ठरलं म्हणून ती व्यक्ती कायद्याच्या अर्थानं ‘अस्थिर मनाची’ ठरत नाही, तसं सक्षम न्यायालयानं जाहीर करावं लागतं. म्हणजे उद्या एफ २० चा कागद असला तरी भावकीत बसून कुणाला वेडं ठरवता येत नाही, एफ ६४ ची तर बातच सोडा. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक चालीरीतींशी जुळत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. आजार ठरवायची मापं सांगताना तिथं आयसीडीच्या ‘अद्ययावत आवृत्ती’चा उल्लेख आहे. हा शब्द नोंदवहीताईंनी आपल्या कॉम्प्युटरवाल्यांना दाखवावा.

ओळखीच्या कागदाचं वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी सांगितलं की शरीर तपासून नव्हे, माणूस स्वतःला काय समजतो त्यावरून ओळख ठरेल, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती नको. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला, पुढच्या वर्षी त्याचे नियम. नियमांच्या पहिल्या मसुद्यात अर्जासोबत मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मागितला होता. त्यावर ओरड झाली आणि अंतिम नियमांतून ते काढलं. २०२० च्या त्या नियमांप्रमाणे ट्रान्सजेंडर म्हणून प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करायचा, वैद्यकीय तपासणी नाही. मात्र पुढं कागदावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ असं हवं असेल तर शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. कायद्यानं डॉक्टरला पुढच्या दारातून बाहेर काढलं आणि मागच्या दारातून खुर्ची दिली. हे माझं मत, कोर्टाचं नव्हे.

पॉलिसी_पावती | दुपारी १२:४०

विमा एजंट आहे, शिव्या खायची सवय आहे. मेडिक्लेमच्या कागदात अपवादांची यादी असते, सगळ्या कंपन्यांना ठरवून दिलेली. त्यातला सातवा अपवाद वाचा, लिंगबदलाचे उपचार. शस्त्रक्रियेसह सगळा खर्च वगळलेला. २०१७ च्या कायद्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला लावलं खरं. पण कोड एफ असो की एचए, सातवा अपवाद कोड विचारत नाही. शिवाय २०१९ च्याच कायद्यात म्हटलंय की सरकारनं या उपचारांना विम्याची सोय करावी. दोन्ही कागद एकाच देशातले.

डॉ_कऱ्हाड | दुपारी ३:००

म्हणूनच कोड पूर्ण काढून टाकला नाही. ‘आजार नाही ना, मग यादीतून नावच काढा’ अशी मागणीही जगभर होती, आणि ती करणारे या समाजाचे हितचिंतकच होते. पण यादीतून नाव गेलं की सरकारी योजना, विमा, औषधाचा परवाना, सगळीकडे एकच उत्तर मिळतं, असा आजारच नाही, पैसे कशाचे? द्राक्षबाग यांनी एका ओळीत लिहिलंय ते जिनिव्हात, आरोग्य संघटनेच्या मुख्यालयात, कित्येक वर्षं चाललं होतं.

शिरवळची_आई | १६ जुलै, रात्री ९:१५

द्राक्षबाग, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. तरीही माझी शंका लिहिते, राग मानू नका. माझ्या मुली १२ आणि १५ वर्षांच्या. धाकटी केस बारीक कापते, क्रिकेट खेळते, फ्रॉकला हात लावत नाही. शाळेतल्या एका पालकांनी मला वेगळ्याच नजरेनं विचारलं, "तिचं काही तसं नाही ना?" म्हणजे आता मुलींनी क्रिकेट खेळायचं नाही? आणि इंग्लंडमध्ये याच वर्षी मोठा अहवाल आला ना, की मुलांना औषधं देणं चुकलं म्हणून? तिकडं मागं फिरतायत आणि आपण पुढं निघालोय असं नको व्हायला.

डॉ_कऱ्हाड | रात्री १०:४०

राग कशाचा, नेमका प्रश्न आहे.

धाकटीला खेळू द्या. आयसीडी-११ मध्ये स्पष्ट लिहिलंय की नुसत्या आवडीनिवडी आणि वागण्यावरून हे निदान करायचं नाही. वयात येण्याआधीच्या मुलांसाठी वेगळी नोंद आहे, एचए ६१, तिच्यात किमान दोन वर्षं टिकलेली विसंगती हवी, आणि स्वतःच्या शरीराबद्दलची तीव्र नावडही. बॅट आवडते हे लक्षण नाही. आणि वयात येण्याआधी औषध कसलंच द्यायचं नसतं. त्यामुळं काहींनी असाही प्रश्न विचारला की औषधच नाही तर लहान मुलांना कोड कशाला चिकटवायचा? मला अजून त्याचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. समुपदेशनाची, शाळेतल्या मदतीची सोय व्हावी म्हणून ठेवला, असं सांगतात.

अहवाल डॉ. हिलरी कॅस यांचा, एप्रिल २०२४. त्यांचं म्हणणं असं की अठरा वर्षांखालच्या मुलांना वयात येणं थांबवणारी औषधं देण्यामागचा पुरावा कच्चा आहे, आणि मुलाचा सगळ्या बाजूंनी विचार न करता एकाच गोष्टीकडे बघितलं गेलं. त्याआधी मार्चमध्येच इंग्लंडच्या सरकारी सेवेनं ती औषधं सरसकट देणं थांबवलं. स्वीडन, फिनलंड आधीच सावध झाले होते. दुसऱ्या बाजूला अनेक तज्ज्ञ संघटना म्हणतात की निवडक मुलांना ती मिळायला हवीत. हा वाद खरा आहे आणि मिटलेला नाही. पण तो मुलांना कोणती औषधं कधी द्यावी याचा वाद आहे. विसंगती नावाची गोष्ट नसतेच, किंवा तो मनोविकार आहे, असं त्या अहवालात नाही. दोन वादांची गाठ मारली की नोंदवहीताईंच्या एकवीस वर्षांच्या भाच्याला फुकट फटका बसतो.

आणि ‘लग्न लावून द्या’ म्हणणाऱ्यांसाठी: ओळख बदलवण्याचे ‘उपचार’ करणं हे डॉक्टरांच्या बाबतीत गैरवर्तन आहे, राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्या राज्य परिषदांना कळवलंय. मद्रास उच्च न्यायालयानं लावून धरल्यावर, हे आमच्या व्यवसायाला फारसं भूषण नाही.

द्राक्षबाग | रात्री १०:५२

डॉक्टर, ‘भाची’.

डॉ_कऱ्हाड | रात्री १०:५५

चुकलो. तिथं बदलत नाही, चूक राहू दे.

जतकर | १७ जुलै, सकाळी ८:००

आज एकादशी, सवड आहे.

‘आपल्यात हे नव्हतं’ म्हणणाऱ्यांसाठी. लहानपणी आमच्या गल्लीत एक जोगता यायचा. लुगडं, डोक्यावर जग म्हणजे देवीची मूर्ती मांडलेली टोपली, गळ्यात कवड्यांची माळ, हातात चौंडकं. आजी त्याच्या पाया पडायची. पोरगं बायकांसारखं वागायला लागलं, अंगात यायला लागलं, केसांत जट आली की म्हणायचे, यल्लमानं धरलं. मग त्याला देवीला सोडायचं. म्हणजे कप्पा आपल्याकडेही होता, त्यावर डॉक्टरऐवजी देवीचा शिक्का होता. लोक वेडा म्हणायचे नाहीत, उलट घाबरून असायचे.

पण हे फार गोड करून सांगण्यात अर्थ नाही. त्या जोगत्याला त्याच्या सख्ख्या भावाच्या लग्नात पंगतीला बसवलं नव्हतं. जोगवा वाढायचे, तोही उंबऱ्याबाहेर. ज्याला जोगता व्हायचंच नाही, ज्याला देवाधर्माशी घेणंदेणं नाही, नोकरी करायचीय, त्याच्यासाठी त्या कप्प्यात काहीच नव्हतं.

भडंग | सकाळी ८:२०

आणि आपण तर नाट्यपंढरीवाले. पलूस तालुक्यातल्या नागठाण्याच्या बालगंधर्वांची लुगडी नेसायची ढब बघून घरच्या बायका शिकल्या म्हणतात. सगळं कौतुक स्टेजवर.

बापू_सातारा | सकाळी ९:१०

त्यांची गल्लत इथं करू नये. गंधर्व स्त्रीभूमिका करत, पडदा पडला की नारायणराव. द्राक्षबाग यांचं म्हणणं बरोबर उलटं आहे. त्यांचा पडदा पडतच नव्हता.

साखरेवर दोन दिवस विचार केला. डॉक्टरांचा मुद्दा मान्य, रेघ माणसं मारतात. पण मग ती पुन्हाही हलू शकते, हे तुम्हीही मान्य करा. माझा आक्षेप घाईला आहे.

डॉ_कऱ्हाड | सकाळी ९:४०

मान्य. हलू शकते. पुरावा आला तर हलायलाच हवी.

मायणी_फास्ट | १७ जुलै, दुपारी १:००

जोगत्याचं वाचलं. आमच्याकडेही एक होता, विसरलो होतो. बाकी मत बदललेलं नाही.

नोंदवही | २५ जुलै, रात्री ८:३०

आठवडाभर आले नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी चढतंय, तळमजल्यावरच्या फाइली वर हलवण्यात दिवस जातायत. २०१९ ला भिजलेले गठ्ठे अजून नाकात आहेत. भाऊ गावी आलाय, पाणी जरा उतरलं की मिरजेला येणार आहे.

द्राक्षबाग | रात्री ९:००

काळजी घ्या. आमच्याकडे उलटं, टँकरचा भाग, पाऊस आला की बरं वाटतं.

बापू_सातारा | रात्री ९:१५

द्राक्षबाग, विचारू का? आईला सांगितलंत तेव्हा त्या काय म्हणाल्या?

द्राक्षबाग | रात्री ९:४०

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मी बी आलो-गेलोच म्हणतो की. मी काय गडी झालो?" मी म्हटलं, "तू म्हणतीस, पण तुला ते खरं वाटत नाही." त्यावर ती उठली आणि भाकऱ्या थापायला गेली. अजून कधी कधी तिथंच अडते. पण मला हाक मारताना जुनं नाव घेत नाही. नवंही घेत नाही. "अरं" म्हणते.

नोंदवही | ४ ऑगस्ट, रात्री १०:१०

भाऊ येऊन गेला. रविवार होता, खात्यात कुणी नव्हतं. दहाव्या आवृत्तीचा जाडा ग्रंथ काढला, अकरावी मोबाइलवर. दोन्ही समोर ठेवल्या. ओ ८० सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलेलं बाकीचंही सांगितलं, माझ्या भाषेत.

त्यानं एकच विचारलं, "खरं पुस्तक कुठलं?"

"नवं."

"मग तुझ्या मशिनीत जुनं का?"

मी म्हटलं, वरून बदलून आल्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही. म्हणाला, "आमच्यात जुना काटा वापरला, शिक्का नवा करून घेतला नाही, तर वजनमापेवाले दुकानात घुसतात. तुमच्यात माणसं जुन्या काट्यानं तोलली तरी चालतंय होय."

मला उत्तर आलं नाही. त्या कायद्याच्या कलमाचा झेरॉक्स काढून मी आमच्या वरिष्ठांच्या टेबलावर ठेवलाय. अजून तिथंच आहे, त्यावर आता पेपरवेट आलाय.

निघताना व्हरांड्यात उभं राहून त्यानं पुण्याला फोन लावला. मी मुद्दाम आतच थांबले, पण ऐकू येत होतं. "जेवण झालं का? फी भरलीस का? डबा कुठनं आणलास? पाऊस आहे का तिकडं?" दहा मिनिटं बोलला आणि एकाही वाक्यात आलास-आलीस येऊ दिलं नाही. मुद्दाम की आपोआप, माहीत नाही. मी विचारलं नाही.

बापू_सातारा | रात्री १०:३५

‘फी भरलीस’, ‘डबा आणलास’. इथं क्रियापद थोडं कर्त्याकडे बघतं, थोडं कर्माकडे, आणि कर्ता बाई की पुरुष हे विचारत नाही. कर्तृकर्मसंकर म्हणतात त्याला. मुलं दर वर्षी विचारायची, सर, हे शिकून करायचंय काय.